त्यांना जादू येत नव्हती

अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या खटल्यात फास चुकवायचा तर एक वाक्य म्हणावं लागे : हो, मी चेटूक करते. पन्नासहून जास्त लोकांनी ते म्हटलं. ते तुरुंगात सडले, पण फासावर गेले नाहीत. ज्यांनी म्हटलं नाही, त्यांच्यातल्या १९ जणांना टेकडीवर नेऊन फाशी दिलं. १४ बायका, ५ पुरुष. सॅम्युअल वॉर्डवेल नावाच्या माणसाने आधी कबुली दिली होती, मग ती मागे घेतली आणि म्हणून तोही गेला. खोटं बोललं की जीव वाचतो, हे त्या उन्हाळ्याच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. तरी ही माणसं खोटं बोलली नाहीत.

आता डिस्नेचा ‘होकस पोकस’ घ्या, १९९३ चा. साल १६९३, गाव सेलम. तीन बहिणी एका लहान मुलीचा प्राण शोषून तरुण होतात, गावकरी त्यांना फासावर चढवतात आणि तीनशे वर्षांनी त्या उठून पुन्हा मुलांच्या मागे लागतात. अमेरिकेत हॅलोविन आला की घरोघर हा सिनेमा लागतो, २०२२ मध्ये दुसरा भागही आला. सिनेमाने गाव तेच ठेवलं, फास तोच ठेवला, साल एकाने पुढे सरकवलं आणि आरोप खरा केला. सिनेमातली फाशी ३१ ऑक्टोबरची आहे. खऱ्या सेलमचे तुरुंग त्याच्या पाच महिने आधी, मे १६९३ मध्येच, राज्यपाल विल्यम फिप्सच्या हुकमाने मोकळे होऊ लागले होते.

फँटसी लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. ज्या वाक्याला नकार देऊन ही माणसं मेली, नेमकं तेच वाक्य आपण त्यांच्या तोंडी घालतो. त्यांच्या हातात मंत्राची पोथी देतो, चुलीवर काढा उकळत ठेवतो, बुडाखाली उडता झाडू देतो. फिर्यादीकडे जो पुरावा कधीच नव्हता, तो आपण कथेतून पुरवतो.

फँटसीने इतिहासातल्या दुःखाला हात लावू नये, असं मी म्हणत नाही. परीकथेतल्या चेटकिणीशी तर माझं काहीच वैर नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि मराठी मुलांच्या पिढ्या तिला घाबरत, हसत मोठ्या झाल्या. चिंची कोणाची आजी नाही. तिच्या नावाचा खटला कुठल्या दप्तरात नाही, तिच्या नातवंडांनी कुठे अर्ज केलेला नाही. तिला खुशाल उडू द्या. पण लेखकाने गावाचं खरं नाव घेतलं, साल घेतलं, फास घेतला, की त्या फासाखाली उभी असलेली माणसंही कथेत येतात. त्यांना वगळून नुसता दोर उचलता येत नाही.

आणि ती माणसं कोण होती, ते बघा.

रेबेका नर्स. वय ७१. चर्चमध्ये मान असलेली, मुलानातवंडांत रमलेली म्हातारी. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. त्यावर आरोप करणाऱ्या मुलींनी कोर्टात हलकल्लोळ केला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटनने ज्यूरीला सांगितलं की, तिच्या एका उद्गाराचा पुन्हा विचार करा. ज्यूरीने तिलाच विचारलं, बाई, तुमच्या बोलण्याचा अर्थ काय? रेबेकाला कमी ऐकू यायचं. त्या गोंगाटात प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. ती काही बोलली नाही, आणि त्या गप्प राहण्यावर तिला दोषी धरलं. १९ जुलैला तिला फाशी झाली.

त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सारा गुड गेली. ती गावात दारोदार मागून खाणारी बाई. तिचं तान्हं मूल तुरुंगातच मेलं. तिची थोरली मुलगी डोरोथी चार-पाच वर्षांची होती. तिलाही अटक केली, तिच्याकडूनही कबुली वदवली आणि कित्येक महिने साखळदंडात ठेवलं. १७१० साली तिच्या बापाने भरपाईचा अर्ज केला, त्यात लिहिलं की पोर तेव्हापासून ताळ्यावर नाही, तिला सांभाळायला माणूस लागतं. सरकारने त्याला ३० पौंड दिले.

मेरी ईस्टी ही रेबेकाची बहीण. शिक्षा झाल्यावर तिने कोर्टाला अर्ज लिहिला. त्यात स्वतःच्या जिवाची याचना नव्हती. मला मरायचं आहे हे मला ठाऊक आहे, पण यापुढे आणखी निरपराध रक्त सांडू नका, तुमची पद्धत तपासून पाहा, असं तिचं मागणं होतं. २२ सप्टेंबरला तिला फाशी दिलं.

या तीन बायकांपैकी कोणाला काढा उकळत ठेवायचा सुचेल तुम्हाला?

कोर्टाकडे पुरावा काय होता, हेही समजून घ्यायला हवं. आरोप करणारी मुलगी सांगायची की, अमक्या बाईची आकृती रात्री माझ्या खोलीत येते, मला चिमटे काढते, गळा दाबते. ती बाई त्या वेळी मैलभर लांब आपल्या घरात झोपलेली असली तरी बिघडत नसे, कारण आरोप देहावर नव्हता, आकृतीवर होता. आकृती फक्त फिर्यादीला दिसायची. त्यामुळे बचावाला वावच नव्हता. ऑक्टोबर १६९२ मध्ये इन्क्रीज मॅदर या वजनदार धर्मगुरूने असल्या साक्षीवर टीका केली आणि फिप्सने या खटल्यांसाठी नेमलेलं खास न्यायालय बरखास्त केलं. मला सिनेमातल्या चेटकिणींचा राग येतो तो यासाठी. जी आकृती फक्त फिर्यादीला दिसायची, ती कॅमेरा आता सगळ्यांना दाखवतो. प्रेक्षक ती डोळ्यांनी पाहतो आणि खुर्चीत बसल्याबसल्या साक्षीदार होतो.

सेलम शहराने काय केलं? पोलिसांच्या बोधचिन्हात झाडूवर बसलेली चेटकीण आहे. शाळेच्या संघाचं नाव ‘विचेस’ आहे. २००५ मध्ये भर चौकात ‘बिविच्ड’ या टीव्ही मालिकेतल्या जादूगार गृहिणीचा पुतळा उभा राहिला. ऑक्टोबरभर टोकदार टोप्या घातलेल्या माणसांनी रस्ते फुलतात. त्याच शहरात १९९२ साली, त्रिशताब्दीला, एक स्मारकही झालं. दगडी भिंतीतून बाहेर आलेल्या फळ्यांवर मेलेल्यांची नावं आणि तारखा. प्रवेशाच्या उंबऱ्याच्या दगडांवर त्यांचे निर्दोषपणाचे उद्गार कोरलेत, आणि बांधणाऱ्यांनी ते वाक्याच्या मध्येच भिंतीखाली जाऊ दिलेत. वाक्य तुटतं. ज्यांनी ते स्मारक रचलं त्यांना काय करायचं होतं ते कळलं होतं : त्या माणसांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत ठेवायचं, त्यात भर घालायची नाही. पुतळा पाहायला जाणाऱ्यांतले किती जण त्या उंबऱ्यापाशी वाकतात, हा प्रश्न मला सतावतो.

ही गोष्ट फक्त एका सिनेमाची असती तर एवढी जागा मी तिच्यावर खर्च केली नसती.

हॅरी पॉटर आपल्याकडे मराठीतही आला, आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलापासून त्याच्या आईपर्यंत सगळ्यांनी वाचला. तिसऱ्या पुस्तकाच्या, म्हणजे १९९९ च्या ‘प्रिझनर ऑफ अझकाबान’च्या, पहिल्याच प्रकरणात हॅरी सुट्टीचा निबंध लिहीत असतो. विषय असा की चेटकिणींना जाळणं चौदाव्या शतकात अगदी निरर्थक होतं. कारण खऱ्या जादूगारांना ज्वाळा थंड करायचा मंत्र यायचा; वेंडेलिन नावाच्या एकीला तर त्या ज्वाळांच्या गुदगुल्या इतक्या आवडायच्या की तिने वेगवेगळी रूपं घेऊन ४७ वेळा स्वतःला पकडू दिलं. पुस्तक मुलांचं आहे, लेखिका विनोद करते आहे, हे मला मान्य. जे. के. रोलिंगच्या कल्पनाशक्तीबद्दल मला आदर आहे. पण जगातल्या कोट्यवधी मुलांची या विषयाशी पहिली ओळख गुदगुल्यांनी झाली, हेही तितकंच खरं. २०१६ मध्ये रोलिंगबाईंनी उत्तर अमेरिकेतल्या जादूचा इतिहास लिहिला. त्यात सेलमच्या मृतांपैकी काही जण खरोखरच जादूगार होते, गुन्हा मात्र त्यांनी केलेला नव्हता, अशी मांडणी आहे. सहानुभूती आहे त्यात, नाही असं नाही. तरी काही जण खरोखरच होते, हे आलंच.

त्या गुदगुल्यांच्या शेजारी बांबर्गचं पत्र ठेवा. जर्मनीतल्या या शहराचा नगराध्यक्ष योहानेस युनियस, वय ५५. १६२८ च्या उन्हाळ्यात त्याला चेटकाच्या आरोपाखाली पकडलं. त्याच्या बायकोला आधीच मारलं होतं. अंगठे चेपणारे शिकंजे लावले, हात पाठीमागे बांधून दोराने वर खेचलं. शेवटी खुद्द जल्लादच त्याला विनवू लागला की साहेब, देवाच्यान् काहीतरी कबूल करा, खरं असो की नसो, रचून सांगा, तुम्हाला पुढचं सोसणार नाही. युनियसने रचून सांगितलं. मग म्हणाले, आणखी कोण होतं तिथे, नावं सांग. एकेका गल्लीतून नेऊन नावं मागितली. हे सगळं त्याने २४ जुलैला मुलीला, व्हेरोनिकाला, चोरून लिहिलेल्या पत्रात सांगितलंय. हातांची दशा अशी होती की ते लिहायलाच त्याला कित्येक दिवस लागले. मी निर्दोष मरतोय, हे माझ्या लेकीला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी त्याने तो खटाटोप केला. पत्र तुरुंगाबाहेर गेलं की नाही हा वाद आहे, पण ते टिकलं आणि आज आपण ते वाचू शकतो.

युरोपभर साधारण ४० ते ५० हजार माणसं अशी मारली गेली, बहुसंख्य बायका. आकड्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो, ९० लाख बायका जाळल्या हा आकडा शतकभराहून अधिक काळ फिरतोय. १८९३ साली मॅटिल्डा जॉसलिन गेज या अमेरिकी स्त्रीवादी लेखिकेने तो वापरला आणि कादंबऱ्यांपासून भाषणांपर्यंत तो गेला. त्याला आधार नाही. ज्यांची बाजू घ्यायची त्यांचं दुःख दोनशे पटींनी फुगवून सांगायची गरज का वाटते? ४० हजार कमी आहेत?

याच स्त्रीवादी परंपरेतून माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जोरकस हरकत येते, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. या परंपरेतल्या स्त्रिया म्हणतात, ‘चेटकीण’ ही शिवी आम्ही अभिमानाने घेतली. त्या बायका ज्ञानी होत्या, वनस्पती जाणत होत्या, पुरुषसत्तेला जुमानत नव्हत्या, म्हणून मारल्या गेल्या. आम्ही त्यांच्या नाती. या भावनेमागचा संताप मला पूर्ण समजतो. पण रेबेका नर्स बंडखोर नव्हती. ती धर्मनिष्ठ होती आणि त्याच निष्ठेपायी खोटी शपथ घ्यायला तयार नव्हती. तिला सैतानाशी करार केलेली स्वतंत्र स्त्री ठरवणं म्हणजे तिच्या श्रद्धेवर दुसऱ्यांदा खटला चालवणं. आपल्याला हवी तशी पूर्वज घडवण्यासाठी तिचं म्हणणं पुसायचं, हा कुठला वारसा? शिवाय यात एक गृहीत दडलेलं आहे की, बाई असामान्य असेल तरच तिचा बळी शोक करण्याजोगा. सारा गुड कोणी ज्ञानी वैदू नव्हती. भीक घालायला नकार दिला की पुटपुटत जायची, एवढीच तिची ख्याती. तिच्यासाठी कोण टीशर्ट छापणार?

आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’मध्ये, सेलमवरच्या १९५३ च्या नाटकात, जादू नाही. तिथे फासावर गेलेला साठीचा जॉन प्रॉक्टर तरुण झाला, आरोप करणारी अकरा-बारा वर्षांची अ‍ॅबिगेल सतरा वर्षांची झाली आणि दोघांत शरीरसंबंध रचला गेला. नाटक थोर आहे. पण खटल्याचं खापर एका पोरीच्या वासनेवर फोडायची सोय त्याने लावून दिली आणि शाळेत ते वाचलेले अनेक जण तोच इतिहास समजतात.

मग जादू आणूच नये का? आणावी. मरीझ कोंडे या ग्वादलूपच्या फ्रेंच लेखिकेने १९८६ साली टिटुबावर कादंबरी लिहिली. टिटुबा म्हणजे सेलमच्या पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातली गुलाम बाई. पहिली कबुली तिची. मालकाने मारहाण करून ती वदवली, असं तिने पुढे सांगितल्याची नोंद आहे. वर्षभराहून अधिक काळ ती तुरुंगात होती. सुटकेसाठी कोठडीचा खर्च भरावा लागे, तो पॅरिसने भरला नाही, दुसऱ्या कोणीतरी भरला आणि तिला विकत घेऊन गेला. तिथे कागद संपतो. कुठे गेली, कशी मेली, काही नाही. इतिहासाने तिला चार ओळींत उरकलं. कोंडेने तिला आई दिली, बार्बाडोसचं बेट दिलं, झाडपाल्याचं शिक्षण दिलं, मेलेल्यांशी बोलायची विद्या दिली, प्रेमात पडायची हौस दिली, आणि सेलमनंतरचं आयुष्य दिलं. जादू आहे या कादंबरीत, भरपूर आहे. पण ती मुख्यतः माणसं बरी करणारी आहे. कोर्टातला आरोप कादंबरीत जसाच्या तसा खोटा राहतो, आणि टिटुबाच्या विद्येचा त्या आरोपाशी काडीचा संबंध नाही. माझ्या लेखी हा फरक सगळ्यात मोठा. कोंडेने मेलेल्या बाईला आयुष्य परत दिलं. होकस पोकसने मेलेल्यांवरचा गुन्हा शाबीत केला.

हाच प्रश्न घेऊन तुम्ही इतर कथांकडे जाऊ शकता. आपल्याकडची कॉलेजातली मुलं ‘अटॅक ऑन टायटन’ रात्र रात्र जागून बघतात. हाजिमे इसायामाची ही जपानी मांगा २००९ ते २०२१ चालली. तिच्यातल्या एल्डियन लोकांना कुंपणाआड वस्तीत कोंडलंय, दंडावर ताऱ्याची पट्टी बांधायला लावलीय. ती पट्टी ज्यूंच्या छळातून आली हे कोणालाही कळतं. पण एल्डियन लोक खरोखरच माणसं खाणारे राक्षस होऊ शकतात. ज्यू लोकांवर विहिरीत विष कालवल्याचा आरोप १३४८-४९ च्या प्लेगमध्ये झाला, त्यावरून त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि तो आरोप निखालस खोटा होता. छळ करणाऱ्याची भीती कथेत साधार केली की छळ हा नैतिक पेच वाटू लागतो. खऱ्या इतिहासात तसा पेच नव्हता. इसायामाचा हेतू युद्धाच्या विरोधात असेलही, कथेचा शेवट तसं सुचवतोही. पट्टी घेतली ती मात्र फार स्वस्तात.

आता घराकडे येऊ, कारण आपल्यासाठी हा इतिहास अजून इतिहास झालेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावातून हाकलल्याच्या, जीव घेतल्याच्या घटना या महाराष्ट्राने पाहिल्यात. मूल तापाने दगावलं, बैल मेला, गाय आटली, की भगताला विचारायचं आणि भगत नाव घेणार. नाव बहुतेकदा विधवेचं, एकटीचं, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिचं. यात आदिवासींकडे बोट दाखवून शहरातल्यांनी निवांत होऊ नये. दवाखाना वीस किलोमीटरवर आणि डॉक्टर गैरहजर असला की भगत मोठा होतो, आणि ती गैरहजेरी शहरातून ठरते. देशाच्या गुन्हे नोंदणीत खुनाच्या कारणांमध्ये जादूटोणा हा रकाना आजही वेगळा छापावा लागतो, आणि तो कधी रिकामा नसतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे : अमकी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रतंत्राने गुराढोरांचं दूध आटवते, असं भासवणं हा गुन्हा. दूध आटवण्याचा हाच आरोप युरोपातल्या खटल्यांच्या कागदोपत्री पानोपानी सापडतो. चारशे वर्षं आणि अर्धं जग ओलांडून तोच आरोप आपल्या विधिमंडळाला नाव घेऊन लिहावा लागला.

त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘एक थी डायन’ हा हिंदी सिनेमा आला. त्यातली डायन खरी असते, तिची शक्ती तिच्या वेणीत असते, वेणी कापली की ती संपते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये उत्तर भारतात वेण्या कापणाऱ्या चेटकिणीची अफवा पसरली, आणि आग्र्याजवळच्या एका गावात साठी उलटलेल्या दलित म्हातारीला लोकांनी ठेचून मारलं. पहाटे अंधारात बाहेर पडलेली ती बाई वाट चुकली होती. त्या सिनेमामुळे हे घडलं असं मी म्हणत नाही. अफवेला सिनेमा लागत नाही. पण डायन खरी असू शकते ही समजूत हवेत होती, आणि त्या हवेत सिनेमावाल्यांनी भर घातली, घट नाही.

आणि आपल्या संध्याकाळच्या मालिका? सासरच्या कुठल्याशा खोलीत काळी बाहुली, टाचण्या, लिंबू, आणि हे सगळं करणारी कोणीतरी विधवा काकू नाहीतर मावशी. कथेत ती करणी लागते. नायिका आजारी पडते, बाहुली सापडली की बरी होते. म्हणजे लेखक पटकथेत भगताचं काम करतो : आजाराचं कारण सांगतो आणि बाईचं नाव घेतो. कायद्याने जे भासवणं गुन्हा आहे ते रोज रात्री घराघरात भासवलं जातं, आणि पडद्यावर तळाशी एक ओळ फिरते की आम्ही अंधश्रद्धेला पाठिंबा देत नाही. ती ओळ काढून टाका. कथा बदला.

मॅसॅच्युसेट्समधली एक गोष्ट मला या बाबतीत महत्त्वाची वाटते. १६९३ च्या सुरुवातीला दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियरला फाशी झाली नाही, पण तिचं नाव दोषींच्या यादीतून निघालंही नाही. बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांनी आणि वंशजांनी अर्ज करकरून टप्प्याटप्प्याने सोडवली. एलिझाबेथने लग्न केलं नाही, तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिच्यासाठी भांडायला कोणी उरलं नव्हतं. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर कागद धुंडाळले, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ मध्ये तिचं नाव सुटलं. ३२९ वर्षं लागली. ज्या वर्षी तिची सुटका झाली त्याच वर्षी होकस पोकसचा दुसरा भाग आला.

मराठीत आता फँटसी लिहिणारी तरुण मंडळी वाढताहेत, ऑडिओ मालिका निघताहेत, सातपुडा आणि कोकण दोन्हींकडे त्यांचं लक्ष आहे. चांगलं आहे. डाकिणीची गोष्ट त्यांच्यापैकी कोणीतरी लिहिणारच. लिहायच्या आधी झारखंडच्या छुटनी महातो आणि आसामच्या बिरुबाला राभा यांच्याबद्दल वाचा. छुटनींना स्वतःला डायन ठरवून छळलं, गावाबाहेर काढलं, आणि पुढे त्यांनी अशा कित्येक बायकांना आसरा दिला. बिरुबालांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हा आरोप खोडून काढला. २०२१ मध्ये दोघींना पद्मश्री मिळाली. मग नंदुरबारच्या पोलीस ठाण्यातली एखादी फिर्याद वाचा, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांशी बोला. तुमच्या कथेत डोंगर बोलू द्या, नदी उलटी वाहू द्या, मेलेली माणसं जेवायला येऊ द्या, भगताच्या अंगात काहीही येऊ द्या. फक्त ज्या बाईकडे गाव बोट दाखवतं, तिच्या हातात लिंबू देऊ नका. तिला नाव द्या, शेत द्या, त्या शेताला बांध द्या. बांधापलीकडचा शेजारी कोण आहे आणि ती गेल्यावर सातबारा कोणाच्या नावावर चढला, ते वाचकाला कळू द्या.